शेअर्सची निवड आणि पुरवठा साखळी : निघोजे परिसराचे उदाहरण

खेड तालुक्यातील निघोजे गावच्या शिवारात चाकण औद्योगिक क्षेत्रातील दोन मोठे मोटार कारखाने उभे आहेत. फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. पुढील वर्षी महिंद्रचा कारखाना सुरू झाला. एका मोटारीस हजारो सुटे भाग लागतात आणि त्यांपैकी बहुतेक अन्य कंपन्यांकडून येतात. ग्राहक व पुरवठादार कंपन्यांचे हे नाते, म्हणजेच पुरवठा साखळी, पाहून शेअर्सचा संच बांधण्याची एक पद्धत आहे.

एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचे उदाहरण घेता येईल. १९८५ साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झालेली ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा बजाज ऑटो हा तिचा सर्वांत मोठा ग्राहक होता. साहजिकच बजाजच्या दुचाकींचा खप वाढला वा घटला, की त्याचे पडसाद एन्ड्युरन्सच्या हिशेबात उमटणार. कोहेन व फ्रात्झिनी या अभ्यासकांनी १९८० ते २००४ या काळातील अमेरिकन बाजार तपासून २००८ साली दाखवून दिले, की ग्राहक कंपनीची बरीवाईट बातमी पुरवठादाराच्या भावात उशिरा उतरते. ज्यांच्या ग्राहकांचे भाव चढले ते पुरवठादार घ्यावयाचे, ज्यांच्या ग्राहकांचे उतरले ते विकावयाचे, हे त्यांचे सूत्र. त्यातून दरमहा दीड टक्क्याहून अधिक जादा उत्पन्न कागदावर दिसले. दलाली व कर त्यातून वजा व्हावयाचे असतात, आणि सूत्र प्रसिद्ध झाल्यावर ते सर्वांच्याच हाती पडते, हे मात्र विसरून चालणार नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. एकूण उत्पन्नाचा दहा टक्के वा अधिक भाग एकाच ग्राहकाकडून येत असेल, तर ते कंपनीने वार्षिक अहवालात सांगावे लागते. ग्राहकाचे नाव देण्याचे बंधन नाही.

तथापि निघोज्यासारख्या गावी या पद्धतीचा खरा उपयोग वेगळाच आहे. समजा, एखाद्या कुटुंबाने जमिनीच्या मोबदल्यातून भाड्याच्या खोल्या बांधल्या, टेम्पो घेतला, मुलगा कारखान्यात लागला. उरलेल्या रकमेत महिंद्रचे आणि तिला माल पुरविणाऱ्या दोन कंपन्यांचे शेअर घेतले. कागदावर तीन कंपन्या, खोल्या, टेम्पो व पगार अशी सहा उत्पन्ने दिसतात. वास्तविक दोर एकच. सप्टेंबर २०२१ मध्ये चिपच्या टंचाईमुळे महिंद्रने वाहन विभागात सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले. अशा वेळी टेम्पोच्या खेपा, कंत्राटी कामगाराचे दिवस, खोलीचे भाडे आणि शेअर्सचे भाव या सर्वांना एकदमच ओढ बसू शकते.

यास्तव शेअर घेण्यापूर्वी एका कागदावर कंपन्यांची नावे मांडून प्रत्येकीच्या मुख्य ग्राहकापर्यंत रेघ ओढावी. घरचे उत्पन्नही त्याच कागदावर लिहावे. अनेक रेघा निघोज्याच्याच फाटकाशी येऊन थांबतील. पुण्याच्या मुंढव्यातील भारत फोर्जची एक जाड रेघ मात्र अमेरिकेतील अवजड मालमोटारींकडे जाईल. तेथील मंदीचा फटका तिला बसेल, पण चाकणच्या टेम्पोला त्याच दिवशी बसेलच असे नाही.