यादीतले नाव

अहिल्यानगर शहराच्या कडेला एक जुना भुईकोट किल्ला आहे. त्याच्या भोवती रुंद खंदक आहे आणि खंदकाच्या आत भक्कम दगडी तट उभा आहे. या शहराचे व जिल्ह्याचे नाव पूर्वी अहमदनगर असे होते. २०२४ साली ते बदलण्यात आले. परंतु आसपासचे लोक आजही त्याला नुसते ‘नगर’ म्हणतात.

१९४२ च्या ऑगस्ट महिन्यात, ‘छोडो भारत’ चळवळ सुरू होताच, इंग्रज सरकारने देशातील थोर पुढाऱ्यांना पकडून या किल्ल्यात आणून ठेवले. पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद, आचार्य नरेंद्र देव अशी ती मंडळी होती. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा आपला प्रसिद्ध ग्रंथ १९४४ साली याच किल्ल्यात लिहिला.

त्या काळी आपले राज्यकर्ते निवडण्याचा अधिकार फारच थोड्यांना होता. ज्याच्यापाशी जमीनजुमला असे, जो सरकारला ठरावीक कर भरत असे, किंवा ज्याचे काही शिक्षण झालेले असे, अशालाच बहुधा मत देता येई. १९३७ साली प्रांतांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातील एवढ्या मोठ्या मुलखात मतदार होते सुमारे ३ कोटी. शेतावर राबणारा मजूर, दगड फोडणारा वडार, दळण दळणारी बाई, यांतील बहुतेकांची नावे त्या यादीत नव्हती.

देश स्वतंत्र झाला आणि हे चित्र पालटले. भारताच्या संविधानातील ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मतदानाचा हक्क मान्य केला. जमीन किती, शिक्षण किती, जात कोणती, स्त्री की पुरुष, हे प्रश्नच उरले नाहीत. जो भारताचा नागरिक आहे, ज्याचे वय पुरेसे आहे आणि ज्याला कायद्याने अपात्र ठरवलेले नाही, तो मतदार, असा साधा व उदार नियम झाला. मतदाराचे वय त्या वेळी २१ वर्षे ठरले होते.

परंतु नियम झाला म्हणजे काम संपले, असे नव्हे. मतदानाच्या दिवशी केंद्रावरील अधिकारी ‘तुम्ही नागरिक आहात का?’ एवढेच विचारून थांबत नाही. तो यादी पाहतो. यादीत नाव असेल, तरच मत देता येते. म्हणून संविधानाचे काम पुरे होण्यापूर्वीच, १९४८ साली, देशभर मतदारांच्या याद्या करण्यास आरंभ झाला. कर्मचारी वाड्यावस्त्यांवर व घराघरांत गेले आणि त्यांनी नावे लिहून घेतली. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा यादीत १७ कोटी ३२ लाख नावे होती. त्यांतील बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते.

या प्रचंड कामात एक विलक्षण अडचण उभी राहिली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा काही प्रदेशांत पुष्कळ स्त्रिया परक्या माणसाला आपले नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच त्या सांगत आणि लिहिणाराही तेवढेच लिहून पुढे जाई. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे हा प्रश्न आला. ‘अमक्याची बायको’ हे काही माणसाचे नाव नव्हे. तेवढ्यावरून मतदाराची ओळख कशी पटणार? नावे सांगावीत म्हणून लोकांना समजावण्यात आले. बिहारमध्ये तर मुदतही वाढवून दिली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची खरी नावे मिळाली नाहीत आणि त्यांच्या नोंदी यादीतून काढाव्या लागल्या. हक्क त्यांना मिळाला होता. तो कोणी हिरावून घेतला नव्हता. केवळ नाव लिहिले गेले नाही, एवढ्यानेच त्या मतदानाला मुकल्या.

आता मतदाराचे वय २१ वर्षांचे राहिलेले नाही. १९८९ साली ते १८ वर्षांवर आणले गेले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी यादीतील नावे सुमारे ९७ कोटी झाली होती. आकडा एवढा मोठा झाला, तरी यादीत नाव आपोआप चढत नाही. ज्याचे त्याने ‘नमुना ६’ नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यासोबत वयाचा व राहत्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी खात्री करून घेतो आणि मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो.

पूर्वी ज्याला १ जानेवारीला १८ वर्षे पूर्ण झालेली असत, त्याचेच नाव त्या वर्षीच्या यादीत घेतले जाई. २ जानेवारीला वाढदिवस असला, तर वर्षभर थांबावे लागे. १ ऑगस्ट २०२२ पासून हा नियम बदलला. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. शिवाय १७ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करण्याची मोकळीक मिळाली. वय १८ झाले, की पुढच्या तारखेला त्यांच्या अर्जाचा विचार होतो.

सतरा वर्षांची मुले-मुली सापडायची कोठे? बारावीच्या वर्गात! म्हणूनच निवडणूक आयोगाने या कामात विद्यार्थ्यांचे साहाय्य घेण्याचे ठरवले. आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी झाली. २०११ पासून तो दिवस ‘राष्ट्रीय मतदार दिवस’ म्हणून पाळला जातो. २०१८ साली त्याच दिवशी मतदार साक्षरता मंडळांची योजना सुरू झाली. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांतून व कनिष्ठ महाविद्यालयांतून अशी मंडळे स्थापावयाची असतात. एक शिक्षक मार्गदर्शन करतो आणि मंडळाचे प्रतिनिधी विद्यार्थ्यांतूनच निवडले जातात. खेळ, गोष्टी व लुटूपुटूची निवडणूक यांतून मतदानाची रीत शिकवली जाते. आणि जे वयात येत आहेत, त्यांना नावनोंदणीसाठी साहाय्य केले जाते.

या साहाय्याचे मोल केवढे असते, हे समजण्यासाठी एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. नगर जिल्ह्याच्या पूर्वेस पाथर्डी हा तालुका आहे. पाऊस कमी, जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली, की तेथील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. टोळी निघाली, की घराला कुलूप लागते, ते उन्हाळ्याच्या तोंडी उघडते.

समजा, अशा एका गावात भाद्रपदाच्या दिवसांत बारावीतली एक मुलगी मैत्रिणीच्या घरी आली आहे. ती मंडळाची सभासद आहे. तिच्या हातात कोरे अर्ज आहेत. मैत्रिणीला अठरावे वर्ष नोव्हेंबरात पूर्ण होणार आहे. मैत्रिणीची आई अंगणात बाजरी पाखडत बसली आहे.

“मावशी, हिचा मतदार यादीचा अर्ज भरायचा आहे,” मुलगी म्हणते.

“अगं पोरी, हिला अजून अठरा कुठं झालीत? आणि आम्ही तर सण झाला की कोयत्यावर निघणार. हीपण येईल यंदा. मग इथं नाव लिहून काय उपयोग?”

“म्हणूनच आज आले, मावशी. सतरा पूर्ण झाली, की अर्ज देता येतो. तुम्ही गेल्यावर अधिकारी चौकशीला आले आणि दाराला कुलूप दिसले, तर अडचण होईल. आता अर्ज दिला, तर तुम्ही घरी असतानाच त्यांना भेटता येईल.”

“पण सहा महिने आम्ही गावात नसतो. आम्हाला गावचं म्हणतील का?”

“म्हणतील. पोटासाठी काही दिवस बाहेर गेल्याने माणसाचे गाव सुटत नाही. कायद्यातच तसे आहे. मात्र नाव एकाच गावच्या यादीत हवे, दोन ठिकाणी नको.”

आई सूप खाली ठेवते. “बरं, मग मत कुणाला टाकायचं, तेही सांगून टाक.”

मुलगी हसून मान हलवते. “ते मी सांगायचे नाही, मावशी. माझे काम नावापुरते.”

मग दोघी मैत्रिणी अर्ज भरू लागतात. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, सारे शाळेच्या दाखल्याशी ताडून लिहिले जाते. वेलांटी चुकू नये, म्हणून मुलगी अक्षरावर बोट ठेवून वाचते. सही मात्र मैत्रीण स्वतःच करते; दुसऱ्याची सही आपण करावयाची नसते. तेवढ्यात आई विचारते, “माझं नाव असेल ना यादीत?” यादी पाहिली जाते. नाव असते, परंतु आडनावातील एक अक्षर भलतेच पडलेले असते. ते सुधारण्यासाठी ‘नमुना ८’ भरला जातो. आई सावकाश, जोर देऊन आपले पूर्ण नाव सांगते. ‘अमक्याची बायको’ असे ती म्हणत नाही.

पुढे निवडणूक आली, तर हे कुटुंब कदाचित दूरच्या उसाच्या फडावर असेल. तेथून एका दिवसासाठी गावी येणे सोपे नसते. परंतु यादीत नाव असले, तर परत येऊन मत देता येते. नाव नसले, तर परत येऊनही उपयोग होत नाही.

सरकारी अधिकारी, त्यांचे कर्मचारी आणि छापील सूचना असताना विद्यार्थ्यांची गरज ती काय, असे कोणी विचारील. अधिकाऱ्याला गावातली सारी घरे पाहावयाची असतात. वर्गातील कोणाचा वाढदिवस केव्हा असतो, कोणाचे आईवडील तोडीला जाणार आहेत, कोण संकोचाने गप्प बसते, हे वर्गमित्राला ठाऊक असते. ज्या घराला लवकर कुलूप लागणार, तेथे आधी जावे, हे शहाणपण त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शिवाय बरोबरीच्या माणसाला प्रश्न विचारताना भीड वाटत नाही.

मात्र साहाय्य करणाऱ्याने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. नाव घ्यावे की न घ्यावे, हे ठरवण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याचाच आहे. मित्र लहान असला, तर त्याचे वय वाढवून लिहिणे ही मैत्री नव्हे. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या कामात पक्ष आणता कामा नये. आपल्या आवडीच्या पुढाऱ्याला मत देतील अशांचीच नावे नोंदवणे, हा विश्वासघात होय. ज्याचे विचार आपल्याला पटत नाहीत, त्याचाही अर्ज तेवढ्याच काळजीने भरून देतो, तोच खरा कार्यकर्ता.

इतर देशांनाही हा विचार सुचलेला आहे. अमेरिकेत १९७१ साली मतदाराचे वय २१ वरून १८ झाले. तेथील टेक्सस राज्यात माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाकडे उपनोंदणी अधिकाऱ्याचे काम असते आणि पात्र विद्यार्थ्यांना वर्षातून निदान दोनदा नोंदणीचे अर्ज द्यावे लागतात. ब्राझील देशात तर १९८८ पासून सोळाव्या वर्षीच मत देता येते. रीती निरनिराळ्या आहेत; परंतु तरुणांना मतदानाच्या दाराशी हात धरून आणले पाहिजे, हे सर्वांना पटलेले आहे.

नगरच्या किल्ल्यात ज्यांनी कारावास भोगला, त्यांनी राज्य लोकांच्या हाती यावे म्हणून तो भोगला. ते राज्य आज ज्या दाराने लोकांच्या हाती येते, ते दार म्हणजे मतदारांची साधी छापील यादी. तिच्यात राजवाड्यातील माणसाचे नाव आणि फडावरील माणसाचे नाव एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेले असते. अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना अजून मत नाही, अर्जही भरता येत नाही. पण घरातील वडीलमंडळींची नावे यादीत आहेत का, ती शुद्ध लिहिली आहेत का, एवढे त्यांना वाचून पाहता येते. ज्या घरातील आजीला वाचता येत नाही, तिच्या नावावर नातवाने बोट ठेवून ते मोठ्याने वाचावे. यादीच्या कामाचा आरंभ तेथूनच होतो.

अभ्यास

१. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी का काढाव्या लागल्या?
२. ‘नाव नसले, तर परत येऊनही उपयोग होत नाही.’ हे वाक्य कोणाविषयी आहे? ते स्पष्ट करा.
३. एका मुलाला १२ ऑगस्टला १८ वर्षे पूर्ण होतात. त्याचे नाव कोणत्या तारखेच्या हिशेबाने यादीत येईल?
४. मंडळातील मुलीने ‘मत कुणाला टाकायचं’ या प्रश्नाचे उत्तर का दिले नाही? तुमच्या शब्दांत पाच ओळी लिहा.
५. पुढील शब्द वाक्यांत योजा : कारावास, संकोच, भीड, विश्वासघात.