दयेचे द्वार व रिकामे सभास्थान

शुभवर्तमाने वाचताना ‘सभास्थान’ हा शब्द वारंवार आपल्या दृष्टीस पडतो. नासरेथ व कफर्णहूम येथील सभास्थानांत प्रभूने शिक्षण दिले, हे आपणांस विदित आहेच. परंतु सभास्थान ही केवळ दूरदेशची वस्तू आहे, असे कोणी समजू नये. आपल्याच महाराष्ट्रात, मराठी बोलणाऱ्या यहूदी लोकांची सभास्थाने आहेत. त्यांविषयी आज आपण थोडा अभ्यास करू.

ह्या लोकांस बेने इस्राएल म्हणतात. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे हे लोक कोकणातील गावोगाव राहून तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यापाशी सभास्थान नव्हते. तरी शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि देव एकच आहे हा अंगीकार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केला.

त्यांचे पहिले सभास्थान मुंबईत मांडवी भागात १७९६ साली झाले. ते बांधविणारे समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच शमुवेल यहेज्केल दिवेकर, हे कंपनी सरकारच्या सैन्यात अंमलदार होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून जीव वाचला, म्हणून कृतज्ञतेने त्यांनी हे मंदिर उभारिले, असे सांगतात. त्याचे नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’. सध्याची इमारत १८६० सालची आहे. बेने इस्राएल लोक सभास्थानास ‘मशीद’ म्हणत. जवळच्या रेल्वे स्टेशनाचे नाव ह्यावरूनच पडले, असेही म्हणतात.

सभास्थानात मूर्ती अथवा चित्र नसते. यरुशलेमेकडील भिंतीशी, म्हणजे आपल्या देशात पश्चिमेस, पवित्र कोश असतो. त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या नियमशास्त्राच्या गुंडाळ्या ठेवितात. कोशापुढे दिवा अखंड तेवतो. मध्यभागी कठड्याचे व्यासपीठ असते. तेथून शास्त्रवाचन होते. स्त्रियांकरिता बहुधा वर सज्जा असतो.

आता दक्षिणेस केरळात जाऊ. तेथे चेंदमंगलम गावी यहूद्यांचे एक जुने सभास्थान आहे. पांढऱ्या जाड भिंती, उतरते कौलारू छप्पर, आणि लाकडी तक्तपोशीवर कोरलेली कमळे. तेथे सज्जातही दुसरे व्यासपीठ आहे. ही केरळाची खास रीत होय. अंगणात १२६९ सालचा, सारा नामक स्त्रीच्या कबरेचा हिब्रू लेखाचा दगड उभा आहे. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर तेथील यहूदी तिकडे निघून गेले. त्यांच्या सार्वजनिक उपासनेस रीतीप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढे उरले नाहीत. पुढे सरकारने इमारत दुरुस्त केली, आणि २००६ पासून ती संग्रहालय म्हणून उघडली आहे. कमळे पुन्हा रंगविली गेली. प्रार्थना मात्र परतली नाही.

वाचकहो, ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. कोकणात कित्येक शतके मंदिर नव्हते, पण लोक होते. म्हणून धर्म टिकला. चेंदमंगलमात मंदिर सुंदर आहे, पण लोक नाहीत. म्हणून तेथे पाहुणे येतात, उपासक येत नाहीत. महाराष्ट्रातही आता बेने इस्राएल थोडेच उरले आहेत. त्यांतील बहुतेक इस्राएलात गेले.

राळेगावाकडील आपल्या खेड्यांत कापूस वेचणीच्या दिवसांत उपासनेस मोजकीच माणसे येतात, आणि कौले गळत असली म्हणजे उपदेशकाचे मन खचते. कौले अवश्य शाकारावी. पण त्याआधी, जो कुटुंबप्रमुख गेले तीन रविवार दिसला नाही, त्याच्या दारी जावे. आपल्या प्रभूने तर दहांचीही अट घातली नाही. दोघातिघांच्या मेळ्यासही त्याने आपले सान्निध्य देऊ केले आहे.

विचारार्थ प्रश्न :
१. मंदिरावाचून बेने इस्राएलांनी काय काय जतन केले?
२. चेंदमंगलमचे सभास्थान कशामुळे रिकामे झाले?
३. आपल्या मंडळीतील कोणाच्या दारी ह्या आठवड्यात जाणे आहे?