खेळ रचणाऱ्यांची परीक्षा

खेळ खेळणें निराळें आणि खेळ रचणें निराळें. खेळणारा घटकाभर रमतो. रचणाऱ्यास मात्र दुसऱ्याचें मन कोठें अडेल, कोठें कंटाळेल, याचा आधींच विचार करावा लागतो. संगणकावरील खेळांच्या इतिहासांतील एक खरी हकीकत आम्हांस या दृष्टीनें बोधप्रद वाटते.

अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत रेडमंड येथें डिजिपेन नांवाची शिक्षणसंस्था आहे. तेथील किम स्विफ्ट ही विद्यार्थिनी व तिचे सहाध्यायी यांनीं २००५ सालीं ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ हा खेळ रचला. त्यांतील राजकन्येस उडी मारतां येत नसे! मग तिनें बंदिवासांतून सुटावें कसें? खेळणाऱ्यानें भिंतींत दोन दारें उघडावयाचीं. एकांतून शिरलें कीं दुसऱ्यांतून बाहेर. उडीची उणीव अशी युक्तीनें भरून निघाली.

संस्थेंतील प्रदर्शनांत व्हॉल्व्ह कंपनीच्या माणसांनीं हा खेळ पाहिला व मुलांस आपल्या कचेरींत बोलाविलें. तेथें तो पाहून प्रमुख गेब न्यूवेल यांनीं त्यांस नोकरी देऊं केली. पुढें २००६ सालीं सॅन होजे येथें स्वतंत्र खेळांच्या महोत्सवांत निवडक विद्यार्थीकृतींमध्यें या खेळास स्थान मिळालें.

त्याच कल्पनेवरून ‘पोर्टल’ हा मोठा खेळ २००७ सालीं प्रसिद्ध झाला. तो रचला जात असतां परक्या माणसांस खेळावयास बसवीत व रचणारे शेजारीं बसून पाहत. एका भागांत एक जड पेटी सोबत न्यावयाची होती. लोक ती मागेंच विसरत. रचणाऱ्यांनीं लोकांस दोष दिला नाहीं. त्यांनीं पेटीवर बदामाचें चिन्ह काढिलें व तिला ‘सोबती’ म्हटलें. पुढें तीच पेटी लोकांची लाडकी झाली!

फेब्रुवारी २००८ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें खेळ रचणाऱ्यांचा पारितोषिक-समारंभ झाला. तेथें ‘पोर्टल’ वर्षांतील सर्वोत्तम खेळ ठरला. परंतु खरी परीक्षा त्यापूर्वींच, अनोळखी माणसें खेळतांना अडखळत होतीं तेव्हां, होऊन गेली होती.

विद्यार्थीमित्रहो, आपला निबंध असो, चित्र असो वा यंत्र असो, घरच्यांनीं वाखाणलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. तें परक्यापुढें ठेवावें, आणि तो जेथें अडेल तेथें आपणच सुधारणा करावी. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मूल संगणकापुढें दिसतांच रागावूं नये. तें खेळत आहे कीं कांहीं रचीत आहे, एवढें आधीं विचारावें.