ओढ्याचें बळ व गांवाचा हात

नवी मुंबईकडील आमच्या वाचकांनीं खोपोलीस जातांना बोरघाटाच्या उतारावरील मोठाले लोखंडी नळ पाहिले असतील. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी त्यांतून खालीं येतें, आणि १९१५ सालापासून तेथें वीज होत आहे. ती प्रथम मुंबईच्या कापडगिरण्यांस मिळाली. पाणी डोंगराचें, दिवा शहराचा! तर मग डोंगरांतील वाडीनें आपल्या ओढ्यावर आपलाच दिवा लावावा, हें शक्य आहे काय? हाच आजच्या पाठाचा विषय.

प्रथम हिशेब पाहूं. दर सेकंदास १०० लिटर पाणी १० मीटर खालीं पडलें, तर त्यांत सुमारें १० किलोवॅट बळ असतें. त्यांतील निम्में वीज होऊन हातीं आलें व दर घरास १०० वॅट दिले, तरी ५० घरें उजळतात. त्यास बांध, पाट, टांकी, नळ, चक्र व जनित्र इतकें लागतें.

नंदुरबार जिल्ह्यांत, सातपुड्याच्या डोंगरांत, उदई नदीकांठीं बिलगांव हें आदिवासी गांव आहे. केरळांतील तरुण अभियंते व नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते यांच्या साह्यानें तेथील लोकांनीं श्रमदान करून बांध व पाट बांधला. २००३ सालीं १५ किलोवॅटचें यंत्र फिरूं लागलें.

परंतु दिवा लावणें सोपें, राखणें कठीण. पाटांत पालापाचोळा साचला कीं चक्र मंदावतें, आणि तो काढावयास शहरांतून कोणी येत नाहीं. म्हणून अशा कामांत घरोघर पाळी असावी, वर्गणी असावी, व हिशेब सर्वांसमक्ष वाचला जावा.

पाठाचा दुसरा भाग दुःखाचा आहे. २००६ सालीं सरदार सरोवर धरणाची उंची वाढली, आणि त्या पावसाळ्यांत बिलगांवचें यंत्र पाण्याखालीं गेलें. मोठ्या विजेच्या धरणानें लहान वीज बुडविली. गांवाच्या श्रमांत उणें नव्हतें. खोऱ्याच्या पाण्याचा निर्णय मात्र गांवाच्या हातीं नव्हता. तेव्हां ओढ्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न कुदळ उचलण्यापूर्वींच ग्रामसभेनें विचारावा.

विचारार्थ प्रश्न
१. आपल्या ओढ्यास कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असतें?
२. पाट साफ करण्याची पाळी कोण पाळील?
३. वरच्या व खालच्या वाड्यांची संमति आपण घेतली आहे काय?