‘एक वेत होऊ द्या’ म्हणणाऱ्यांनो

आमच्या कुत्रीचं, राणीचं, गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून टाका म्हणून मीच मागे लागले होते, हे आधी लिहून ठेवते. आता सोसायटीत उलटंच बोललं जातंय. पहिली हीट झाली तेव्हाच मी विचारलं होतं. डॉक्टर माझ्याकडे न बघता यांना म्हणाले, “कशाला घाई? एक वेत होऊ द्या, मादी शांत होते.” ज्यांनी राणीला पिल्लू असताना आम्हाला दिलं त्या गृहस्थांना तर वेतातली दोन पिल्लं हवीच होती.

यंदा हीट संपून महिना-दीड महिना झाला आणि ती पाणीच पाणी पिऊ लागली. रात्री घरात लघवी, जेवण सुटलेलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, “उन्हाळा आहे.” खालून स्राव नव्हता, म्हणून ते निर्धास्त! दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. गर्भाशय पुवाने टम्म फुगलेलं. पायोमेट्रा. गर्भाशयाचं तोंड बंद, म्हणून पू बाहेर यायला वाटच नाही. “आत्ता काढलं नाही तर आत फुटेल,” त्या म्हणाल्या. म्हणजे मी मागत होते तेच ऑपरेशन. फक्त धडधाकट कुत्रीवर नाही, तर सलाईनवरच्या, मान न उचलणाऱ्या जिवावर, रात्री, कितीतरी जास्त खर्चात.

राणी वाचली. ते गृहस्थ बघायला आले आणि म्हणाले, “वेत झालं असतं तर ही वेळच आली नसती.” साफ खोटं. वेत झालेल्या माद्यांनाही पायोमेट्रा होतो.

मादी पाळणाऱ्यांनी हीटची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि पुढचे दोन महिने तिच्या पाण्याकडे लक्ष ठेवावं. तहान वाढली, भूक मेली, की स्राव नसला तरी त्याच दिवशी सोनोग्राफी मागा. ठरवून करायचं ऑपरेशन हीटमध्ये करत नाहीत, रक्तस्राव जास्त होतो. दोन-तीन महिने जाऊ द्यावे लागतात. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हरमध्ये वर्षाच्या आत केलं तर सांध्यांच्या तक्रारी वाढतात, असं कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधनात दिसलंय. थांबायचं तर अशा कारणासाठी थांबा, आणि किती ते डॉक्टरांकडून आकड्यात वदवून घ्या. ऑपरेशनआधी रक्त तपासा. नंतर खाणं कमी करा, वजन भराभर वाढतं. डॉक्टर नीट पारखून निवडा.

लॅब्रॅडॉरला सात-आठ पिल्लं सहज होतात. दोन तुम्ही नेणार, बाकीची कुणाच्या दारात, हे पिल्लं मागणाऱ्याला तोंडावर विचारा.