काळ्या टी-शर्टवर मऊ छपाई

प्रश्न : काळ्या सुती टी-शर्टवर प्लास्टिसॉल शाईने छापलं की छपाई रबरासारखी जाड लागते. उपाय?

उत्तर : डिस्चार्ज शाई वापरा. ती कापडावर थर देत नाही, तर उष्णतेत कापडाचा मूळ रंगच काढते आणि त्याजागी आपला रंग बसवते. म्हणून हाताला छपाई जवळपास जाणवत नाही. मात्र कापड पूर्ण सुती आणि रिॲक्टिव्ह रंगाने रंगवलेलं हवं. पॉलिस्टरवर ती चालत नाही. कापडाचे फिरोजी आणि काही निळे रंगही दाद देत नाहीत. ॲक्टिव्हेटर (रंग काढणारं रसायन) घातलेली शाई काही तासांतच निकामी होते, तेव्हा लागेल तेवढीच कालवा. सुकवताना सुमारे १६० अंश सेल्सिअस तापमान ठेवा. वाफेत फॉर्माल्डिहाइड असतं, त्यामुळे एक्झॉस्ट पंख्याशिवाय हे काम करूच नका. कारागिरांच्या डोळ्यांचा आणि छातीचा प्रश्न आहे. ग्राहकालाही टी-शर्ट धुऊनच घालायला सांगा.