'बालबोध'मधला एक लेख आणि ध्यानाची पुस्तके



सुट्टीत पुस्तक प्रदर्शनाला किंवा आपल्या सुरतेच्या कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालयात गेलात की ध्यान, योग आणि तत्त्वज्ञान यांवरची पुष्कळ पुस्तके दिसतात. कुठे एकाग्रतेचे, तर कुठे स्मरणशक्तीचे आश्वासन असते. परीक्षा जवळ आली की पालकही आम्हा शिक्षकांना विचारतात, "यातले कोणते घेऊ?" उत्तर देण्याआधी आपण एका वाचकाची ओळख करून घेऊ.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 1876 मध्ये गोव्यातील साखवळ गावी झाला. घरची नारळाची बाग होती. शाळा लवकर सुटली, पण वाचन सुटले नाही. विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी गौतम बुद्धांवरचा एक लेख वाचला आणि बुद्धांनी सांगितलेले मूळ वचन वाचायचेच, असे मनात घेतले. ते पाली भाषेत होते आणि पाली शिकवणारे जवळपास कोणी नव्हते.

1899 मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करत ते संस्कृत शिकले. पुढे नेपाळ, मग 1902 मध्ये श्रीलंका आणि त्यानंतर ब्रह्मदेश. तिथे ते भिक्षूंमध्ये राहून पाली शिकले, ध्यानही शिकले. या साऱ्याची एक बाजू आपण विसरू नये. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्या ज्ञानाची किंमत त्या दोघींनीही मोजली.

या कथेत आपल्या गुजरातचाही वाटा आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी कोसंबींना महिना 50 रुपये देऊ केले, म्हणजे त्यांना महाराष्ट्रात राहून लिहिता यावे. पुढे ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'विशुद्धिमार्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले आणि 1920 च्या दशकात अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातही राहिले. त्यांचे 'समाधिमार्ग' हे ध्यानावरचे मराठी पुस्तक 1925 चे. त्यांची काही पुस्तके गुजरातीतही आली, म्हणजे आपल्याला ती दोन्ही भाषांत वाचता येतात.

'विशुद्धिमार्ग' हा आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेला ग्रंथ. त्यात ध्यानाचे 40 विषय सांगितले आहेत. त्यांपैकी एक म्हणजे आपला श्वास. नवशिक्याने श्वास मोजावे, पण एक मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये, असे तो सांगतो. पाचाच्या आत मन अपुऱ्या गोठ्यातल्या गुरांसारखे धडपडते. दहाच्या पुढे लक्ष श्वासावरून आकड्यावर जाते. दीड हजार वर्षांपूर्वीची ही सूचना किती बारकाईची आहे, पाहा.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. पुस्तक घेताना तीन गोष्टी बघाव्यात. लेखक कोणत्या मूळ ग्रंथाच्या आधाराने लिहितो, हे त्यात सांगितले आहे का? करायचे काय, हे साध्या शब्दांत दिले आहे का? आणि चार दिवसांत चमत्कार होईल, असे तर म्हटलेले नाही ना? तिसऱ्याचे उत्तर 'म्हटले आहे' असे आले, तर पुस्तक परत ठेवावे.

कधी कधी पुस्तक घरातच असते. आपल्यातली बरीच कुटुंबे खानदेशातून इथे आली. कित्येकांच्या देवघराजवळ ज्ञानेश्वरी असते. शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये नेवासे येथे सांगितलेल्या या ग्रंथाचा सहावा अध्याय ध्यानयोगाचाच आहे. आजी-आजोबांजवळ बसून तो वाचा, अडलेले शब्द विचारा. मात्र त्यातल्या प्राणायामाचे प्रयोग एकट्याने करू नका. ते जाणकाराकडूनच शिकायचे असतात.

कोसंबींना मूळ ग्रंथासाठी समुद्र ओलांडावा लागला. त्यांनी ते मराठीत आणून ठेवले, म्हणून आपल्याला ग्रंथालयापर्यंतच जायचे आहे. पण पुस्तक वाचणे म्हणजे ध्यान करणे नव्हे. पोहण्याचे पुस्तक वाचून तापी पार होत नाही. वाचल्यावर रोज थोडा वेळ शांत बसायला हवेच.

स्वाध्याय
1. रोज पाच मिनिटे स्वस्थ बसून, श्वास न रोखता, नेहमीचे श्वास एक ते दहा असे मोजा. मन कितव्या आकड्यावर भटकले, ते आठवडाभर वहीत लिहा.
2. घरात तत्त्वज्ञानाचे एखादे जुने पुस्तक आहे का, ते शोधा. ते कोणी आणि केव्हा आणले, हे मोठ्यांना विचारून दहा ओळी लिहा.
3. बाळाबाईंच्या जागी आपण असतो तर कोसंबींना काय सांगितले असते? वर्गात चर्चा करा.